हिरवा ठिपका

पडद्यावरच्या नकाशात खाडीकाठची अख्खी आळी लाल झाली होती आणि त्या लालात एकच ठिपका हिरवा होता.

“हा मध्येच एक हिरवा कसा?” राज्याच्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवत विचारलं.

“ते घर सुरक्षित आहे, मॅडम,” पालिकेचे इंजिनिअर म्हणाले. सुरक्षित हा शब्द त्यांनी अशा थाटात उच्चारला, की ते घर त्यांनी स्वतः कडेवर घेऊन उचललं असावं. “आमच्या योजनेतून त्याचं जोतं उंच करून दिलंय. आळीत तेवढं एकच झालं, बाकीच्यांनी अर्जच केले नाहीत. तेव्हा लाल घरं वर माळावर हलवायची आणि हे राहील जागच्या जागी.”

“छान,” केंद्राचे सल्लागार म्हणाले. ते नेहमीप्रमाणे दुसऱ्या पडद्यावर होते, दूरच्या कुठल्यातरी खोलीत, आणि त्यांचा आवाज त्यांच्या ओठांच्या जरा मागून येत होता. “एक घर, एक योजना. नियमाला धरूनच आहे.”

टेबलाच्या टोकाला इतिवृत्त लिहीत बसलेल्या माणसाचं पेन थांबलं. ते हिरवं घर त्याच्या ताईचं होतं, आणि तो नियम त्याचा स्वतःचा होता.

या माणसाला सगळे सुईदोरा म्हणत. त्याच्या दारावर पाटी होती ‘हवामान समन्वय कक्ष’, आणि कक्ष म्हणजे एक टेबल, एक कपाट, जिन्याकडे उघडणारी एक खिडकी आणि तो. समुद्र वर चढतोय, उन्हाळे भाजून काढतायत, याची काळजी केंद्र करी. काळजीचा आराखडा राज्य करी. आराखड्याचं पुढे जे काही व्हायचं ते पालिकेच्या हातून होई. तीन तिघाडा काम बिघाडा होऊ नये, तिघांचे कपडे एकमेकांना शिवलेले राहावेत, म्हणून हा कक्ष. तो रुजू झाला त्या दिवशी साहेबांनी त्याला सांगितलं होतं, “हे बघा, अधिकार तुमच्याकडे काही नाही. जबाबदारी मात्र सगळी.” साहेब विनोदी आहेत असं त्याला वाटलं होतं. पुढे साहेब निवृत्त झाले आणि विनोद त्याच्याकडे राहिला.

कामाची त्याची एक पद्धत होती. पालिकेला फोन करून तो सांगे, “राज्य आणि केंद्र तत्त्वतः तयार आहेत, तुमचंच अडलंय.” मग राज्याला सांगे, “केंद्र आणि पालिका तयार आहेत.” मग केंद्राला तेच. तिघांपैकी कोणीच तयार नसे. पण आपल्यामुळे अडलं असं कोणालाच नको असे. या निरुपद्रवी थापेवर त्याने कितीतरी कामं टाके घालून जोडली होती. झाडं लावायची म्हणून खणलेले खड्डे, रस्ता रुंद करणाऱ्यांनी बुजवायच्या आत, त्याने असेच वाचवले होते. त्याबद्दल त्याला कोणी कधी विचारलं नाही आणि त्यानेही कधी सांगितलं नाही.

ताईच्या घराचं मात्र त्याने सगळ्यांना सांगितलं होतं.

काही वर्षांपूर्वी पालिकेने घरं उचलण्याची योजना काढली. भरतीचं पाणी आळीत शिरू लागलं होतं. तर चारी कोपऱ्यांना जॅक लावून घर वर घ्यायचं आणि खाली नवं उंच जोतं बांधायचं. आळीतली माणसं हसली. “घर म्हणजे काय टोपली आहे का उचलायला?” ताईच्या शेजारची काकू म्हणाली होती. “आज घर उचलतील, उद्या आपल्याला उचलतील.” एकही अर्ज येईना. योजना बासनात जायची वेळ आली तेव्हा इंजिनिअर याच्या खोलीत येऊन बसले आणि काकुळतीने म्हणाले, “निदान एक तरी घर दाखवा हो. नाहीतर मी वर काय तोंड दाखवू?”

तो ताईकडे गेला. तिने सगळं ऐकूनही घेतलं नाही. “तू म्हणतोस ना? मग झालं,” ती म्हणाली.

भाऊजी बोटींची इंजिनं दुरुस्त करत. ते नखांतलं तेल काडीने काढत म्हणाले, “मी इंजिनं पुष्कळ उचललीत. घर उचललेलं पाहिलं नाही कधी. बघू या तरी.”

घर उचललं त्या दिवशी ताईने आत फळीवर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवून दिला होता. बाहेर अख्खी आळी जमली होती. घर केसाकेसाने वर चढत होतं, जॅक कुरकुरत होते, भाऊजी कामगारांना न विचारता सल्ले देत होते. संध्याकाळी ताई आत गेली आणि तोच पेला दोन्ही हातांत धरून बाहेर आली. थेंबही सांडला नव्हता. तिने तो त्यालाच प्यायला दिला. मग नव्या पायऱ्यांवर उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिली, “माझ्या भावाने उचललं हो घर.” इंजिनिअर शेजारीच उभे होते, पण त्यांच्याकडे कोणी बघितलं नाही.

पुढच्या वर्षी भानगड झाली. ते घर आम्ही वाचवलं असं पालिकेने अहवालात लिहिलं. तेच घर किनारा-संरक्षणातून आम्ही वाचवलं असं राज्यानेही लिहिलं. केंद्राने विचारलं, ही घरं दोन आहेत की एक? झालं, तिघांची जुंपली. बैठकीमागून बैठका झाल्या, चहामागून चहा झाला. बैठकीत कधी तोंड न उघडणारा सुईदोरा एक दिवस कंटाळून म्हणाला, “एक घर, एक योजना, असा नियमच करून टाकला तर? ज्याने आधी केलं त्याचं घर. दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही.”

चहाचे कप खाली ठेवले गेले. मग तिघंही एकदमच हो म्हणाले. तत्त्वतः वगैरे नाही, सरळ हो. ते वाक्य तसंच्या तसं धोरणात छापून आलं, खाली त्याचं नाव नव्हतं एवढंच. वर्षअखेरच्या समारंभात त्याला एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ताईच्या उचललेल्या घराला नवा रंग दिला होता आणि भिंत रिकामी होती, म्हणून ते त्याने तिलाच नेऊन दिलं. आळी हलवायची गोष्ट तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हती. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, पण दांड्याला बिचाऱ्याला ते आधी थोडंच माहीत असतं.

बैठक संपल्यावर तो थेट ताईकडे निघाला. भरती होती. आळीच्या तोंडाशी बूट हातात घेऊन, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो पाण्यातून चालू लागला. भाऊजींचं दुकान बंद होऊन बरेच दिवस झाले होते. एक इंजिन तेवढं विटांवर चढवून ठेवलेलं होतं आणि विटांच्या वरपर्यंत पाणी आलं होतं. घराघरांतून मात्र उत्साह होता. माळावर जायची बातमी त्याच्याआधी येऊन पोचली होती. शेजारची काकू दारातूनच ओरडली, “काय हो, तिकडच्या खिडक्या केवढ्या असतील? पडदे नेऊ की नको?”

ताईने भांडी वेगळी काढायला घेतली होती. न्यायची एका बाजूला, टाकायची एका बाजूला.

“ये. पाय पुस आधी,” ती म्हणाली. “माळावर वारा चांगला असेल, नाही रे? यांचा खोकला जाईल. आणि दुकान टाकता येईल, पाण्याचा त्रास नाही. कधी निघायचं म्हणतायत?”

तो पाय पुसत राहिला. कोरडे झाले तरी पुसत राहिला.

“ताई, तुमचं घर यादीत नाही.”

“राहिलं असेल. घाल तू.”

“राहिलं नाही. उचललेलं घर म्हणून सुरक्षित धरलंय. फक्त बाकीची आळी जाणार.”

ताईच्या हातात पातेलं होतं. ते कुठल्या बाजूला ठेवावं ते तिला कळेना. “अरे, घर पाण्यात नाही हे खरं,” ती हळूच म्हणाली, “पण आम्ही पाण्यातच आहोत की. भरती आली की इथे अडकून बसायचं. परवा यांना ताप होता तर ओहोटीची वाट बघत बसले होते मी. सगळे गेल्यावर हाक मारायची कुणाला?”

“तिघांशी बोलतो मी. तत्त्वतः कोणाचा विरोध नसेल.”

“पाण्याला विचारलंस का?” भाऊजी कोपऱ्यातून म्हणाले. “त्याचं काय, तत्त्वतः मान्य आहे का?” आणि हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली.

ताईने त्यांना पाणी दिलं. मग सुईदोऱ्याने मान खाली घालूनच सांगितलं, “ताई, तो नियम मी केलाय. एका घराला एकच योजना. मीच सुचवलं होतं.”

ताईने भिंतीकडे बघितलं. “ज्याचं घड्याळ मिळालं, तो?”

“तोच.”

तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं. त्याला वाटलं, आता ती रागावेल, आणि तिने रागवावं असं त्याला मनापासून वाटत होतं.

“म्हणजे तुझं म्हणणं एकदा तरी सगळ्यांनी ऐकलं तर,” ती म्हणाली.

त्यात टोमणा नव्हता. लहानपणी त्याचा निकाल हातात घेऊन ती ज्या आवाजात बोलायची त्याच आवाजात ती बोलली होती. बूट घालायचं निमित्त करून तो बाहेर पायरीवर जाऊन बसला. पाण्यात बूट घालायचे नसतात हे त्याच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्याने सुई हातात घेतली. आधी इंजिनिअर. “अहो, तुमच्यासाठी काहीही,” इंजिनिअर म्हणाले, “पण ते घर असुरक्षित आहे असं मी कसं लिहू? म्हणजे आमचं काम फसलं असंच झालं ना. आमचं एकच तर घर आहे दाखवायला.” राज्याच्या बाईंना त्याने सांगितलं, पालिका तत्त्वतः तयार आहे. बाई भल्या होत्या. त्यांनी त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं. “माझी ना नाही हो. पण नियम केंद्राचा आहे. मी अपवाद केला तर उद्या प्रत्येक जण दोन-दोन योजना मागेल.” केंद्राच्या सल्लागारांना त्याने सांगितलं, राज्य आणि पालिका दोघंही तयार आहेत. सल्लागार म्हणाले, “नियम आम्ही खालून आलेल्या सूचनेवरूनच केला. स्थानिक पातळीवर कोणाला अडचण असेल तर समन्वय कक्षाने बघावं.”

समन्वय कक्षाने म्हणजे त्याने. कागद फिरत फिरत त्याच्याच टेबलावर आला, वर शेरा होता, ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’. कागद पुढे पाठवायचा अधिकार त्याला होता. म्हणून त्याने तो पुन्हा पुढे पाठवला.

बायको म्हणाली, “ताईंना आपल्याकडेच आणा की. दोन खोल्यांत काय, सहा माणसं राहतात लोकांची.” त्याने ताईला तेही विचारलं. “मला घर आहे, बाबा,” ती म्हणाली. “चांगलं उंच आहे.”

शेवटी महिन्याच्या बैठकीत विषय घेतला गेला. तिघंही एकाच वेळी समोर होते, आणि हीच खरी पंचाईत होती. आतापर्यंत त्याचं सगळं शिवणकाम तिघं एकमेकांच्या समोर नसताना झालेलं होतं.

“पालिका तयार आहे म्हणालात ना तुम्ही?” बाईंनी विचारलं.

“मी?” इंजिनिअर म्हणाले. “मला तर सांगितलं, राज्य तयार आहे म्हणून.”

पडद्यावरचे सल्लागार म्हणाले, “मला दोघंही तयार आहेत असं कळवण्यात आलं होतं.”

तिघांनी त्याच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत ते तिघं एका मताने कोणाकडे बघत असतील तर ते पहिल्यांदाच. त्याने खाली बघून पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. बाईंच्या लक्षात काहीतरी आलं असावं. त्यांनी मऊ आवाजात विचारलं, “हे घर तुमच्या नात्यातलं आहे का हो?”

“बहिणीचं.”

“अरेरे,” बाई म्हणाल्या, आणि ते मनापासून होतं. “मग तुम्हीच हा विषय मांडणं बरं दिसत नाही. जरा बाहेर थांबता का? आम्ही चर्चा करतो.”

तो बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. दाराशी बसणारा म्हातारा शिपाई त्याला इतक्या वर्षांत बैठकीच्या वेळी पहिल्यांदाच बाहेर बघत होता. “आत कोण लिहितंय मग?” शिपायाने विचारलं. आपल्याशिवाय हे तिघं एकमेकांशी काय बोलत असतील, हे त्याला कधी सुचलंही नव्हतं. बंद दारातून एकदा हसण्याचा आवाज आला. त्याला वाटलं, हसतायत म्हणजे चांगलंच असेल. मग वाटलं, हसतायत म्हणजे विषय बदलला.

त्याला आत बोलावलं तेव्हा कपबशा गोळा होत होत्या. “झालं तुमचं काम,” इंजिनिअर खुशीत म्हणाले. “तत्त्वतः मान्य. सगळ्यांना मान्य.”

“मग पुढे?”

“पुढची कार्यवाही समन्वय कक्षाने करायची.”

“फक्त,” बाई चष्मा पुसत म्हणाल्या, “तुमचा संबंध आहे, म्हणून या विषयापुरतं कक्षातलं दुसरं कोणीतरी बघू दे. तुमच्याच भल्यासाठी सांगतेय.”

कक्षात दुसरं कोणी आहे की नाही हे कोणी विचारलं नाही. आणि आपण एकटेच आहोत हे त्यानेही सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं, असं तो पुढे पुष्कळदा स्वतःशी म्हणत राहिला.

आळी हलली तो दिवस स्वच्छ उन्हाचा होता. ओहोटी साधून ट्रक आत आले. गाद्या, कपाटं, पिंजऱ्यातला पोपट, सगळं वर चढलं. त्याने सुट्टी काढली होती आणि तो लोकांचं सामान उचलू लागत होता, कारण ताईच्या पायरीवर नुसतं बसणं त्याला जमत नव्हतं. शेजारची काकू ट्रकमध्ये चढायच्या आधी ताईकडे आली. “तेव्हा मी तुला हसले होते गं,” ती म्हणाली. “शहाणी तू ठरलीस, आणि बघ काय झालं.” तिने ताईला मिठी मारली. मग आपली तुटक्या बादलीतली दोन रोपं ताईच्या पायरीवर ठेवली, त्यांना पाणी किती घालायचं ते दोनदा सांगितलं, आणि मागे न बघता गेली.

त्यानंतर जे झालं ते बघून सुईदोऱ्याला हसावं की रडावं कळेना. ‘वस्ती स्थलांतरित’ हा शेरा केंद्राकडून राज्याकडे, राज्याकडून पालिकेकडे, पालिकेच्या पाणीखात्याकडे आणि दिवाबत्तीकडे एवढ्या झपाट्याने गेला, की कोणालाच कोणाला फोन करावा लागला नाही. आठवड्याच्या आत रिकामी घरं जमीनदोस्त झाली, नळ तोडला, खांब उपटायला गाडी आली. ज्या समन्वयासाठी त्याने आयुष्य घालवलं तो डोळ्यांसमोर चोख घडत होता, आणि त्यात त्याचा एकही टाका नव्हता.

तो धावला. पाणीखात्याच्या पायऱ्या झिजवून त्याने आळीच्या तोंडाशी टँकर थांबायची सोय करून घेतली. तिथपर्यंत भाऊजींनी हंडे घेऊन जायचे, खोकत. ताईच्या घरात वीज राहिली. आणि दिवाबत्तीवाल्याच्या हातापाया पडून, ताईच्या दारासमोरचा एक खांब त्याने वाचवला. दिवाबत्तीवाला म्हणाला, “खांब ठेवतो. पण बटणांची पेटी कोपऱ्यावर होती, ती गेली. दिवा थेट जोडून देतो, चालेल ना?” त्याला वाटलं, न चालायला काय झालं. त्या दिवशी घरी आल्यावर त्याने बायकोला सांगितलं, “एक दिवा राखला.” बायकोने मान डोलावली आणि त्याच्या पुढ्यात ताट ठेवलं.

महिनाभराने एका सुट्टीच्या दुपारी तो ताईकडे गेला. भरती ऐन भरात होती. पूर्वी दोन्ही बाजूंना भिंती असल्यामुळे रस्ता कुठे आहे ते पाण्यातही कळे; आता सगळीकडे सारखंच पाणी होतं आणि मधोमध ताईचं घर. तो आळीच्या तोंडाशी उभा राहून पाणी उतरायची वाट बघू लागला. ताई वरच्या पायरीवर बसली होती. काकूच्या रोपांची बादली तिने आणखी एक पायरी वर घेतली होती. तिने त्याला ओळखून हात केला.

मध्ये आवाज अडवायला काही उरलं नव्हतं, त्यामुळे ओरडायची गरज पडली नाही.

“जेवलास का रे?” तिने विचारलं.

“हो. भाऊजी?”

“झोपलेत. आता बरे आहेत जरा.” मग म्हणाली, “अरे, तो दिवा दिवसाही चालूच असतो. फुकट जळतो. दिवसाचा तरी बंद करता येईल का?”

त्याने वर बघितलं. भर उन्हात खांबावरचा दिवा जळत होता, डोळे बारीक केले तरच दिसेल इतका फिका. दिवाबत्तीला आधी विचारावं लागेल, ते पेटी मागतील, पेटी वस्ती असेल तर मिळते, वस्ती आहे हे राज्याने लिहून द्यायला हवं. त्याचा हात आपोआप खिशातल्या फोनकडे गेला.

“विचारतो,” तो म्हणाला.

ताईला ते पलीकडून दिसलं असावं. ती घाईघाईने उठून उभी राहिली.

“नको, नको. राहू दे,” ती म्हणाली. “तू विचारू नकोस कोणाला.”

त्याने हात खिशातून काढला. बूट काढून बाजूला ठेवले, आणि पाणी उतरेपर्यंत तो काठावर आणि ती पायरीवर, अशी दोघं समोरासमोर बसून राहिली.